नव्या घराशीं ओळख

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण महाराष्ट्रांत सर्वांच्या तोंडीं आहे. तिचा रोख खर्चावर आणि दगदगीवर आहे असें सामान्यतः समजलें जातें, व तें खोटेंहि नाहीं. परंतु त्या म्हणींत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जो घर बांधून पाहतो त्याला तें घर कळतें. पाया किती खोल गेला, वीट कशी होती, कोणत्या भिंतींतून पाण्याचा नळ गेला आहे, तुळई कोठें टेकली आहे, हें सारें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. गवंडी, सुतार आणि नळकारागीर त्याच्या ओळखीचे झालेले असतात. घर पुरें होईपर्यंत वर्ष दोन वर्षें तो त्या जागेवर उन्हातान्हांत उभा राहतो. म्हणून वास्तुशांत होऊन बिऱ्हाड आंत येतें त्या दिवशीं घर नवें असलें तरी परकें नसतें.

आज शहरांतील बहुतेक कुटुंबें घर बांधत नाहींत, तीं घर विकत घेतात. पैसे दिले जातात, सह्या होतात आणि एके दिवशीं किल्ली हातावर पडते. मालकी मिळते; ओळख मात्र मिळत नाहीं. ती मागाहून करून घ्यावी लागते. नव्या घरांत स्थिरावणें म्हणजे वस्तुतः ही राहून गेलेली ओळख करून घेणें होय. ती तीन प्रकारची आहे: घराच्या कागदांशीं, घराच्या भिंतींशीं आणि घराभोंवतींच्या माणसांशीं. यांपैकीं एक जरी राहिली तरी पुढें कधीं ना कधीं तिची किंमत द्यावी लागते.

मुंबईसारख्या शहरांत घर विकत घेण्याची रीत तशी जुनी नाहीं. १८९६ सालीं तेथें प्लेगची सांथ आली, आणि दाटीच्या वस्तींत ती किती झपाट्यानें फोफावते हें सर्वांना दिसून आलें. त्यानंतर १८९८ सालीं शहराच्या सुधारणेकरितां इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, व पुढें दादर-माटुंग्याकडे मोकळ्या हवेच्या नव्या वस्त्या आखल्या गेल्या. १९१५ सालीं गांवदेवी येथें राव बहादुर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तरीहि सामान्य नोकरदार मनुष्य चाळींतील भाड्याच्या खोल्यांतच राहत असे. १९४७ च्या कायद्यानें भाड्यांवर नियंत्रण घातल्यावर भाड्यानें देण्याकरितां इमारती बांधण्यांत धनिकांना फारसा लाभ दिसेना. इमारत बांधून तिच्यांतील एकेक जागा विकून टाकण्याकडे कल वाढला. १९६० सालीं महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३ सालीं मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, आणि ‘स्वतःचें घर’ या शब्दांचा अर्थच पालटला. पूर्वीं स्वतःचें घर म्हणजे स्वतःची जमीन, स्वतःचें छप्पर आणि स्वतःचें अंगण. आतां तें चार भिंतींतील अवकाश झालें. खालची जमीन, वरची गच्ची, जिना, पाण्याची टांकी हें सारें अनेकांच्या सामाईक मालकीचें.

ही सामाईकता नीट ध्यानांत आली म्हणजे कागदांची ओळख कशाला हवी तें कळतें. स्थावर मिळकतीचें खरेदीखत १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदवावें लागतें; सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत तें दुय्यम निबंधकापुढें सादर करावयाचें असतें. नोंदणी झाली कीं सूची क्रमांक दोनचा उतारा मिळतो. पुष्कळांची समजूत अशी असते कीं येथें काम संपलें. वस्तुतः नोंदणी झाल्याची वार्ता इतर दप्तरांना आपोआप पोंचली असेलच असें नाहीं. महापालिकेच्या करआकारणींत नांव जुन्याचेंच राहतें, विजेचें बिल जुन्याच्याच नांवानें येतें, गृहनिर्माण संस्थेच्या भागपत्रावर जुन्याचेंच नांव असतें. स्वतंत्र जमिनीवरील घर असेल तर गांवीं सातबाराच्या उताऱ्यावर आणि शहरांत मिळकतपत्रिकेवर फेरफार नोंदवून घ्यावा लागतो. ही कामें पहिल्या दोन-तीन महिन्यांत झालीं तर विकणारा ओळखीचा असतो, त्याचा पत्ता ठाऊक असतो व एखादी सही हवी असल्यास ती मिळते. दहा वर्षांनीं तीच सही मिळविण्यास माणूस सांपडत नाहीं. सांपडला तर त्याचे वारस सांपडतात.

येथें एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. करपावतीवर किंवा वीजबिलावर नांव चढलें म्हणजे त्यानें मालकी सिद्ध होत नाहीं. तो केवळ ताब्याचा आणि कर भरल्याचा पुरावा होय. मालकी येते ती नोंदलेल्या खतानें. तसेंच संस्थेकडे जें नामनिर्देशनपत्र भरून दिलें जातें, त्यांत ज्याचें नांव असतें तो घराचा मालक होतो असेंहि नाहीं. सभासदाच्या पश्चात् संस्थेनें कोणाशीं व्यवहार करावा एवढेंच त्या पत्रानें ठरतें. वारसांचे हक्क त्यानें बुडत नाहींत. म्हणून नामनिर्देशन करावेंच, परंतु त्यावर विसंबून मृत्युपत्र करणें टाळूं नये. घर घेतांना उत्साहाच्या भरांत या अशुभ वाटणाऱ्या गोष्टींकडे पाहवत नाहीं. पण भावाभावांतील अनेक दाव्यांचें मूळ या संकोचांतच असतें.

खत कोणाच्या नांवें करावें हाहि असाच प्रश्न आहे. संसाराला दोघांचे श्रम लागतात, पण पुष्कळ घरांच्या खतांवर नांव एकट्या पुरुषाचें असतें. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें स्त्रीच्या नांवें घेतलेल्या निवासी घराच्या मुद्रांक शुल्कांत एक टक्क्याची सवलत दिली. सवलतीपेक्षां अधिक महत्त्वाची गोष्ट ही कीं खतावर जिचें नांव आहे तिला त्या घरांतून कोणी ‘निघ’ म्हणूं शकत नाहीं.

नव्या इमारतींतील घर असेल तर आणखी दोन कागदांची चौकशी करावी. एक भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणें पुरी झाली असून राहण्यास योग्य आहे असा स्थानिक संस्थेचा दाखला तो हाच. तो नसतांना राहावयास गेलेलीं कुटुंबें वर्षानुवर्षें पाण्याच्या कायम जोडणीकरितां खेटे घालतांना दिसतात. दुसरा कागद म्हणजे इमारतीच्या जमिनीचें अभिहस्तांतरण. संस्था स्थापन झाली, सारे सभासद राहावयास आले, पण जमीन मात्र विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्याच नांवावर राहिली, अशीं उदाहरणें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. इमारत उभी आहे तोंवर कोणास कांहीं वाटत नाहीं. ती जीर्ण होऊन नव्यानें बांधावयाची वेळ आली कीं जमीन कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. मूळ मालक अभिहस्तांतरण करून देत नसेल तर संस्थेला तें सक्षम अधिकाऱ्याकडून मिळवितां यावें यासाठीं २००८ सालीं कायद्यांत दुरुस्ती करण्यांत आली; त्यास मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. नव्या सभासदानें पहिल्याच वार्षिक सभेंत विचारावयाचा प्रश्न कोणता, तर हा.

कर्ज काढून घर घेतलें असेल तर हप्त्याचें गणितहि एकदां कागदावर मांडून पाहावें. तीस लाख रुपयांचें कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरल्यास दरमहाचा हप्ता सुमारें २६,००० रुपये येतो. त्यांपैकीं पहिल्या महिन्यांत २१,२५० रुपये केवळ व्याजांत जातात. मुद्दल पांच हजारांनींहि कमी होत नाहीं. पांच वर्षांत साडेपंधरा लाखांहून अधिक रक्कम भरल्यावरहि जवळजवळ साडेसव्वीस लाखांचें मुद्दल शिल्लक राहतें. हें गणित भय दाखविण्याकरितां नाहीं. आरंभींच्या वर्षांत मुद्दलापोटीं जादा भरलेली लहानशी रक्कमहि पुढचें पुष्कळ व्याज वांचविते, हा त्याचा अर्थ. म्हणून गृहप्रवेशाच्या वेळींच साऱ्या खोल्या नव्या सामानानें भरण्याची घाई करूं नये. जुनें कपाट वर्षभर चाललें म्हणून घराची शोभा जात नाहीं. शिवाय कोणत्या खोलींत कोण बसणार, ऊन कोठवर येणार, हें राहून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. आधीं घेतलेलें सामान पुष्कळदां चुकीच्या जागीं जाऊन बसतें.

कागदांनंतर भिंती. नवें बांधकाम म्हणजे पाण्यानें भरलेलें बांधकाम. सिमेंट घट्ट होण्यास पाणी लागतें. काँक्रीटवर आणि गिलाव्यावर दिवसचे दिवस पाणी मारावें लागतें. त्यांतील कांहीं पाणी सिमेंटशीं संयोग पावतें, उरलेलें हळूहळू वाळून बाहेर पडतें, आणि त्यास महिनेच्या महिने लागतात. अशा ओल्या भिंतीवर चकचकीत तैलरंगाचा थर दिला कीं वाफेची वाट बंद होते, मग रंगाला फुगे येतात व पापुद्रे सुटतात. कित्येक भिंतींवर पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसूं लागते. तिला लोणा म्हणतात. ती बुरशी नव्हे. विटा, वाळू किंवा पाणी यांतील क्षार ओलाव्यांत विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. खारी वाळू न धुतां वापरली असेल तर हा त्रास अधिक. लोणा कोरड्या कुंचल्यानें झाडावा; पाण्यानें धुतल्यास क्षार पुन्हा आंत जातात. खरा उपाय ओलीचें मूळ शोधण्याचा आहे. तें न शोधतां वर रंग देणें म्हणजे दुखणें पदराआड झांकणें होय. म्हणून पहिल्या वर्षीं साधी सफेदी देऊन एक पावसाळा जाऊं द्यावा व मग आवडीचा रंग द्यावा, हें जुन्या गवंड्यांचें सांगणें शास्त्रालाहि धरून आहे.

महाराष्ट्रांत घराची खरी परीक्षा पावसाळा घेतो. मुंबईंत वर्षभराचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्याचें मान २००० मिलिमीटरहून अधिक भरतें. वारा नैर्ऋत्येचा असल्यामुळें पश्चिमेकडील व दक्षिणेकडील भिंतींवर त्याचा मारा सर्वांत जास्त. पहिल्या पावसाळ्यांत घरांतील एकानें वही घेऊन ओल कोठें, कोणत्या दिवशीं आणि किती पावसानंतर दिसली हें लिहून ठेवावें. पाऊस पडतांच दिसणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीची किंवा खिडकीच्या चौकटीची असते. पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनीं उतरणारी गच्चीची. आणि उन्हाळ्यांतहि न हटणारी वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची किंवा आंतून गेलेल्या नळाची. डाग एकच, पण कारणें तीन, आणि प्रत्येकाचा कारागीर वेगळा. न्हाणीघराचा संशय असेल तर सांडपाण्याचें तोंड बंद करून फरशीवर बोटभर पाणी चोवीस तास ठेवून पाहतात. खालीं ओल उतरली तर संशय खरा.

ही वही ठेवण्याचें आणखी एक कारण आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ प्रमाणें ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांतील किंवा कारागिरींतील दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकानें तो तीस दिवसांच्या आंत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. परंतु दोष तोंडीं सांगून भागत नाहीं. तो लेखी, तारीखवार आणि शक्य तर छायाचित्रासह कळवावा लागतो. पांच वर्षें फार वाटतात. पण पावसाळे मोजले तर ते पांचच.

पाणी आणि वीज यांची ओळख पहिल्याच आठवड्यांत व्हावी. घरांत येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ कोठून बंद होतो, हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक हवें. मध्यरात्रीं एखादी तोटी निखळली म्हणजे जो धांवपळ करतो त्याच्या घरांत पाणी होतें. ज्याला झडप ठाऊक आहे तो ती फिरवतो आणि झोपतो. नव्या नळांतून आरंभीं गढूळ किंवा पिवळसर पाणी येतें. तें कांहीं वेळ वाहूं द्यावें. दीर्घकाळ बंद असलेल्या घराची टांकी तर धुतल्याशिवाय वापरूंच नये. विजेचें तसेंच. मुख्य खटका कोणता, कोणत्या कळीनें कोणती खोली बंद होते, याच्या चिठ्ठ्या पेटींतच चिकटवून ठेवाव्या. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते, आणि ओल्या हातांस तिचा धक्का प्राणघातक ठरूं शकतो. भूजोडणी नीट आहे कीं नाहीं हें जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें, आणि गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या पलीकडे जातांच वीज तोडणारें उपकरण बसवून घ्यावें. त्याची किंमत भिंतीवरच्या शोभेच्या दिव्यांपेक्षां फार नाहीं. स्वयंपाकाचा सिलिंडरमधील वायु हवेपेक्षां जड असतो. तो गळला तर जमिनीलगत सांचतो. म्हणून शेगडीजवळ वर खिडकी आहे एवढ्यावर समाधान न मानतां खालच्या बाजूसहि हवेची वाट असावी. वास येतांच दिव्याची कळ दाबूं नये, तर दारेंखिडक्या उघडाव्या.

ऊन आणि वारा यांची दिशाहि घरांत राहूनच कळते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर वारा खेळतो. एकच उघडली तर तो दारांतच घुटमळतो. पश्चिमेची खोली चैत्र-वैशाखांत संध्याकाळीं तापते, कारण दिवसभर ऊन प्यालेली भिंत रात्रीं तें बाहेर टाकीत असते. विदर्भांत अशा खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची चाल आहे. पाणी वाळतांना हवेंतील उष्णता शोषून घेतें. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं गच्चीला चुन्याची पांढरी सफेदी दिली तर सूर्यकिरण परतवले जाऊन खोलींतील ताप उतरतो. यांत शकुनापशकुनाचा भाग नाहीं. अलीकडे घर घेतल्यावर दिशेच्या भयानें चांगल्या भिंती पाडण्याचा प्रघात वाढला आहे. इमारतीचा भार कोणत्या खांबावर आणि तुळईवर आहे हें न पाहतां केलेली अशी तोडफोड खालच्यावरच्या सर्वांच्या जिवावर बेतूं शकते. संस्थेची व पालिकेची अनुमति घेतल्याशिवाय आणि बांधकाम अभियंत्यास दाखविल्याशिवाय भिंतीस हात लावूं नये.

वास्तुशांतीचा संस्कार मात्र वेगळ्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यांत पुरावयाची, आप्तेष्टांना जेवूं घालावयाचें, नव्या चुलीवर दूध उतूं जाऊं द्यावयाचें, ही जुनी रीत. सदनिकेंत पुरण्यास माती नसल्यामुळें प्रतिमा फरशीखालीं किंवा भिंतीच्या लहानशा खांचेंत बसविली जाते. श्रद्धा ज्याची त्याची. पण या विधीमागील व्यवहार सर्वांनाच घेण्यासारखा आहे. घरांत पहिला अग्नि पेटतो तो अन्नाकरितां, आणि पहिला दरवाजा उघडतो तो पाहुण्यांकरितां. ‘वास्तु तथास्तु म्हणते, म्हणून घरांत अभद्र बोलूं नये’ असें वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. हप्त्यांच्या ओढाताणींत पहिल्या वर्षीं नवराबायकोंत शब्दाला शब्द लागण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. त्या दिवसांत या वचनाची आठवण उपयोगीं पडते.

आतां राहिलीं माणसें. चाळींतून किंवा वाड्यांतून सदनिकेंत आलेल्या कुटुंबांत सर्वांत अधिक हाल वृद्धांचे होतात, आणि ते दिसत नाहींत. तरुण मंडळी सकाळीं कामावर जातात, मुलें शाळेंत जातात. आजी मात्र बंद दाराआड दिवसभर एकटी. चाळीच्या सज्जांत उभें राहिलें कीं चार माणसें आपोआप दिसत. कोणाच्या घरीं पाहुणे आले, कोणाचें मूल आजारी आहे, हें न विचारतां कळत असे. येथें समोरच्या दारावर नांवाची पाटी आहे, पण नांवामागचा चेहरा माहीत नाहीं. नवें घर मोठें आणि उजेडाचें असूनहि ‘मला आपलें जुनेंच बरें होतें’ असें ती म्हणते, तेव्हां मुलाला तो कृतघ्नपणा वाटतो. वास्तविक ती घराविषयीं तक्रार करीत नसते. ती हरवलेल्या माणसांविषयीं बोलत असते. तिला पहिल्या महिन्यांत जवळचें देऊळ, बाग, वाण्याचें दुकान आणि दोन समवयस्क शेजारणी दाखवून देणें हें पडदे शिवण्याहून अगत्याचें काम आहे.

वृद्धांच्या बाबतींत दुसरी सावधगिरी न्हाणीघराची. गुळगुळीत फरशी, अनोळखी उंबरा आणि रात्रीचा अंधार, या तिन्हींची गांठ पडली कीं पाय घसरतो, आणि उतारवयांत मांडीचें हाड मोडणें म्हणजे कित्येकदां अंथरुणास खिळणें होय. खरबरीत फरशी, भिंतीला धरावयास एक दांडा आणि रात्रभर जळणारा मंद दिवा, एवढ्यानें पुष्कळ अनर्थ टळतो. लहान मुलांसाठीं खिडक्यांना व सज्जाला गज आहेत कीं नाहींत, आणि त्यांतील अंतर मुलाचें डोकें जाण्याइतकें नाहीं ना, हें सामान लावण्यापूर्वीं पाहावें. खिडकीखालीं पलंग किंवा खुर्ची ठेवूं नये. शाळा मध्येंच बदलली असेल तर मूल कांहीं दिवस अबोल होतें. त्याला जुन्या मित्रांकडे एकदोनदां नेऊन आणलें तर नवें घर त्याला शिक्षा वाटत नाहीं.

शेजाऱ्यांशीं ओळख आपण होऊन करावी लागते. पूर्वीं नव्या बिऱ्हाडाला शेजारीण प्रथम पाण्याचा तांब्या आणि मग जेवणाचें ताट आणून देत असे. आतां तो भार नव्यानें येणाऱ्यानेंच उचलावा. वास्तुशांतीच्या प्रसादाच्या निमित्तानें वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरीं जाऊन यावें. स्त्रियांना चैत्रांत आणि संक्रांतीला हळदीकुंकवाचें निमित्त असतेंच. ही केवळ रीतभात नव्हे. ज्याच्या न्हाणीघराचें पाणी आपल्या छतांतून ठिबकणार आहे त्याची ओळख ठिबकण्यापूर्वीं झालेली असली तर तो कारागीर बोलावतो. भांडणांतून झाली तर तो वकील बोलावतो. संस्थेच्या कारभाराविषयींहि हेंच. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षीं ३० सप्टेंबरपूर्वीं व्हावयाची असते. तेथें जाऊन हिशेब पाहावा, दुरुस्तीनिधि आणि निक्षेपनिधि जमा होतो कीं नाहीं तें विचारावें. आदर्श उपविधींप्रमाणें बांधकामाच्या खर्चावर दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्तीकरितां आणि पाव टक्का निक्षेपाकरितां बाजूला ठेवावयाचा असतो. मासिक वर्गणी कमी असावी असें सर्वांनाच वाटतें; परंतु निधि नसलेल्या संस्थेंत गच्ची गळूं लागली म्हणजे सर्वांवर एकदम मोठी पट्टी बसते, आणि ज्याला ती देववत नाहीं त्याच्यासाठीं सर्वांचें काम अडतें.

अशा रीतीनें एक वर्ष जातें. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिंवाळा त्या घरांत काढला म्हणजे त्याचे गुणदोष कळतात. कोणती खिडकी पावसांत लावून घ्यावी, कोणत्या कोपऱ्यांत सकाळचें ऊन येतें, दुधाची पिशवी कोण किती वाजतां ठेवतो, वरचे आजोबा केव्हां खोकतात हें सारें अंगवळणीं पडतें. मराठींत ‘जागा मानवणें’ असा एक सुंदर प्रयोग आहे. जागा मानवली म्हणजे ती केवळ पसंत पडली असें नव्हे. ती प्रकृतीला रुचली, आणि आपण तिला रुचलों. हें मानवणें पैशानें विकत मिळत नाहीं, मुहूर्तानें येत नाहीं, आणि घाई केल्यानें लवकर होत नाहीं.

पूर्वींच्या गृहस्थानें घर बांधतांना जें उन्हांत उभें राहून शिकून घेतलें, तेंच आजच्या गृहस्थानें घरांत राहून शिकावयाचें आहे. कागद वेळेवर पुरे करावे, पहिल्या पावसाची वही ठेवावी, वृद्धांना एकटें पडूं देऊं नये आणि शेजाऱ्याचें दार आपण आधीं ठोठवावें, इतकें जरी पहिल्या वर्षांत साधलें, तरी आयुष्यभराची पुंजी ज्यांत घातली तें घर खऱ्या अर्थानें आपलें झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं.